उद्घाटनाची कात्री

वॉर्डातल्या नव्या बेसिनला तीन आठवडे लाल फीत बांधलेली होती. उद्घाटन होईपर्यंत त्याला कुणी बोटही लावायचं नाही, असं मेट्रनबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे नर्सिंगच्या मुली हात धुवायला जिना उतरून खाली जात आणि वर आल्यावर मेट्रनबाईंकडून हात धुण्याचं महत्त्व ऐकत.

आज एकदाचे इस्पितळाचे अध्यक्षसाहेब आले. त्या मुलींपैकी रेवतीने नेमकी तेव्हाच गोदूमावशींच्या पायाची जखम ड्रेसिंगसाठी उघडली होती. तिकडे हार होता, पेढे होते, फोटोवाला होता. नव्हती फक्त कात्री. मेट्रनबाई तरातरा आल्या. ज्या निर्जंतुक ट्रेला चिमट्याशिवाय शिवायचं नाही असं त्याच शिकवत, त्यातली कात्री त्यांनी सरळ हाताने उचलली. साहेबांनी तिने फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि पेढ्याने चिकट झालेली कात्री पुन्हा ट्रेमध्ये येऊन पडली.

"आटप आता ड्रेसिंग," मेट्रनबाई म्हणाल्या.

रेवतीने घाबरत का होईना, ट्रे बाजूला सारला. "मॅडम, कात्री बाटली. अख्खा ट्रेच बदलायला हवा."

"बाटली? अगं, साहेबांचा हात लागलाय तिला!"

"म्हणूनच म्हणते."

गोदूमावशींनी खाटेवरून फितीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरी, ती फीत टाकू नकोस हं. माझ्या पायाला बांध. उद्घाटन होईपर्यंत तरी कुणी बोट लावणार नाही."