जानेवारीतलं वादळ

“तांडेल, शंख फुंका,” देओलिंदा दारातूनच म्हणाली. “चक्रीवादळ येतंय. होड्या वर घ्यायला हव्यात.”

गुत्त्यातली सगळी माणसं जासिंतुकडे वळली. महासागराच्या मधोमधच्या बेटांच्या पुंजक्यातलं पिको बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात शंख फुंकायचा मान तांडेलचा, म्हणजे होडीवाल्यांच्या म्होरक्याचा. तो वाजला की हातातलं काम टाकून सगळं गाव बंदराच्या उतारावर धावायचं आणि एकेक होडी मिळून वर ओढायचं. होडी कुणाची, हे कुणी विचारायचं नाही. आणि शंख वाजला नाही, तर कुणी कुणाच्या होडीला हात लावायचा नाही. रीतच होती तशी.

“चक्रीवादळ? जानेवारीत?” जासिंतुनं अंजिराच्या दारूचा घोट घेतला. “मग टोपली घेऊन मळ्यात जा, पोरी. द्राक्षंही पिकली असतील.”

सगळे हसले. शेजारी बसलेल्या बाल्ताझारला तर ठसकाच लागला.

देओलिंदा हसली नाही. तिचा नवरा कॅनडात गेला तो गेलाच. मागे राहिली ती होडी. तिच्यातून गळ टाकून देओलिंदा पोट भरत होती. होडी चांगली दणकट, जड, एकटीच्यानं तसूभर न हलणारी. “टीव्हीवर दाखवलं,” ती म्हणाली. “डोळासुद्धा आहे त्याला.”

“एकच? बाल्ताझारच्या गाईला दोन आहेत.”

पुन्हा हशा. देओलिंदा आली तशी गेली.

तसं बघायला गेलं तर जासिंतुचं काही चुकत नव्हतं. चक्रीवादळं यायची ती उन्हाळा सरताना. हिवाळ्यातला वारा वायव्येचा, आणि त्या बाजूला एवढा मोठा डोंगर पाठ देऊन उभा. म्हणून तर जानेवारीतही इथल्या होड्या पाण्यात बिनघोर डुलायच्या. पण या वादळाला कोण सांगणार? जन्मलं तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. अमेरिकेच्या बाजूचं, थंडीतलं, चारचौघांसारखं वादळ. रमतगमत अर्धा समुद्र ओलांडून आलं, वाटेत या बेटांच्या दक्षिणेला मुक्काम ठोकला, आणि तिथे बसल्या बसल्या त्याचं पार रूपच पालटलं. मधोमध डोळा उघडला आणि स्वारी उत्तरेला वळली.

दुपारी जेवून जासिंतु बंदरावर आला. वाऱ्याचं नाव नव्हतं. पण लाटा येत होत्या त्या दक्षिणेकडून. लांबलचक, संथ, जडशीळ. ही लाट त्याच्या ओळखीची होती, दक्षिणेचं वादळ येण्याआधीची. आयुष्यात तिनं त्याला कधी फसवलं नव्हतं.

तो तसाच घरी गेला. दारामागचा शंख काढला, ओठांपर्यंत नेला. आणि त्याला बाल्ताझारचं हसून लाल झालेलं तोंड दिसलं. आता फुंकायचा म्हणजे सगळ्या गावासमोर कबूल करायचं, की बाई बरोबर होती आणि तांडेल गाढव. अजून वेळ आहे, तो मनाशी म्हणाला. वळेलही ते दुसरीकडे. त्यानं शंख परत खुंटीला लावला.

मग बायकोला हाक मारली. “फिलोमेना, चल जरा. होडीला रंग द्यायचाय.”

त्याची होडी हलकी. उताराच्या माथ्यावरच्या रहाटाला दोर बांधला की दोघांत वर येणारी. फिलोमेनानं समुद्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“अहो, आणि बाकीच्यांच्या?”

“दोर धर.”

तिनं दोर धरला.

दिवेलागणीला वारा सुटला, दक्षिणेचाच. रात्रभर त्यानं बंदर अक्षरशः धुऊन काढलं. सकाळी वादळ उत्तरेला निघून गेलं, थंड पाण्यात त्याचे हातपाय गारठले आणि ते तिथेच कुठेतरी विरून गेलं. रेडिओवर त्याच्या शेवटाची बातमी लागली तेव्हा गाव किनाऱ्यावर फळ्या वेचत होतं. पाण्यातली एकही होडी धड उरली नव्हती. बाकीच्यांकडे गाई होत्या, मळे होते. देओलिंदाकडे फक्त होडी होती.

“तुमचा काय दोष, तांडेल?” बाल्ताझार म्हणाला. “जानेवारीत असलं काही येईल हे कुणाच्या बापाला ठाऊक?”

“आणि तांडेलची नेमकी रंगासाठी वर घेतलेली,” दुसरा म्हणाला. “नशीब म्हणतात ते हे.”

जासिंतु मान डोलवत राहिला. एकानंही त्याला शिवी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं. ती माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. निदान एका माणसाला तरी खरं सांगायचं, असं ठरवून तो देओलिंदाकडे गेला.

ती खडकांत अडकलेलं वल्हं ओढत होती. त्यानं वाकून दुसरं टोक धरलं.

“देओलिंदा,” तो म्हणाला. “मला वाटलं नव्हतं…”

“काल दुपारी वरच्या वाटेनं जाताना तुम्हा दोघांना होडी ओढताना पाहिलं मी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. “इतकं बरं वाटलं, काय सांगू. म्हटलं, तांडेलना पटलं, आता सुटलो. घरी आले, बूट चढवले, आणि शंख वाजायची वाट बघत अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले.”