मानसिंगचा ऊस

कुंडलच्या वळणावर उसाची ट्रॉली उलटली आणि स्कूटीवरून बँकेत निघालेली पूजा उसाखाली गाडली गेली. लोकांनी तिला ओढून बाहेर काढलं, सांगलीला पाठवलं, पण ती शुद्धीवर नव्हती. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आकाराम बांधावर बसून होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

ऊस मानसिंगचा. गर्दीत त्याचाच आवाज मोठा होता.

"सायेब, ह्याचं लायसन काढून घ्या. गाडीवर बसणाऱ्यानं थेंबबी घ्यायचा न्हाई, असा कायदा पायजे."

हवालदारानं आकारामला विचारलं, "किती घेतलीस रं?"

"एकच ग्लास, सायेब." मग मानसिंगकडं बघत तो हळूच म्हणाला, "मी चहाच मागितला हुता."



त्याच वेळी वस्तीवर मानसिंगची बायको चंद्राबाई सकाळचा गार झालेला चहा मोरीत ओतत होती. "ऊस येळेत जायचा तर चहावर कुठं भागतंय रं," म्हणत नवऱ्यानं तो कप आकारामपुढून उचलला होता आणि त्याच्यासाठी आपल्या हातानं ग्लास भरला होता.