करुणाची कढई

“कढईला हात लावायचा न्हाई, एवढंच,” आरोही म्हणाली. “बाकी सगळं करते.”

“मंग मी तळते,” करुणा म्हणाली. “त्यात काय अवघड हाय?”

साखऱ्याच्या शाळेत आनंदनगरी भरली होती. पटांगणात ओळीनं स्टॉल, कुठं पाणीपुरी, कुठं धपाटे. आठवीच्या या दोघींकडं भजी आली होती. तीन विटांची चूल, तुराट्यांचा जाळ, करुणाच्या आजीची कढई. आरोहीनं कांदा चिरला, बेसन कालवलं. करुणानं तळायला घेतलं आणि पहिलाच घाणा बाहेरून काळा, आतून कच्चा निघाला.

“पोरी, हे भजं हाय का ढेकूळ?” आरोहीच्या घराशेजारच्या भागूबाईंनी हातातला तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

“दुसरा घाणा बघा काकू. एक नंबर.”

दुसराही तसाच निघाला. पोरं हसत पाणीपुरीकडं वळली. तेवढ्यात हेडसर लाऊडस्पीकरवर म्हणाले, “भज्यांच्या स्टॉलवर गर्दी करू नये.” स्टॉलवर एकट्या भागूबाई होत्या.

“अगं, धर की झारा!” करुणा रडकुंडीला आली. “कढई माझ्या आजीची, तेल शाळेचं. तुमच्या घरचं काय हाय यात?”

“हात,” आरोही म्हणाली.

माणूस गेलेल्या घरात तळण बंद असतं. पहिल्या सणाला बाहेरचं कुणी येऊन कढई चुलीवर ठेवतं, तेव्हा कुठं ते सुरू होतं. आरोहीची आजी, सखुबाई, गेली त्याला वर्ष उलटलं होतं. दिवाळीला सोयरे आले होते. तिचे आजोबा अमृतराव, सगळ्यांचे आबा, त्यांना चहा पाजून म्हणाले, “पुढच्या सणाला बघू.” पुढचे सणही तसेच गेले. आबांपुढं विषय काढायची घरात कुणाची छाती नव्हती.

तिसऱ्या घाण्याचा धूर निघायला लागला, तेव्हा आरोहीला राहवेना. तिनं चुलीतल्या निम्म्या तुराट्या मागं ओढल्या, जळकी भजी काढून टाकली, बेसनाचा एक थेंब तेलात सोडून पाहिला, आणि मग चिमटीनं एकेक भजं सोडत गेली. वास पटांगणभर गेला. पोरं परत आली, त्यांच्यामागून मास्तर आले. हेडसरांनी लाऊडस्पीकर खाली ठेवला आणि तेही आले.

“बघा, मी म्हणलं न्हवतं?” करुणा द्रोण भरत ओरडली. “एक नंबर!”

आरोही हसत होती. तिनं मान वर केली आणि गर्दीच्या मागं तिला आबांची टोपी दिसली.

झारा टाकून द्यावा, तर कढईत भरलेला घाणा. तिचा हात थांबला. भागूबाईंनी तोंडातला घास तसाच धरला.

आबा पुढं आले. त्यांनी आधी कढईकडं पाहिलं, मग नातीकडं.

“उलट की बाई,” ते म्हणाले. “जळतील.”

आरोहीनं भजी उलटली. चांगली तांबूस झाल्यावर वर काढली आणि तेल निथळायला झारा कढईच्या काठावर दोनदा आपटला, आजी आपटायची तसा. त्या आवाजासरशी आबांनी तिच्या हाताकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

पुढं काय करावं ते आरोहीला कळेना. करुणाला कळलं. तिनं द्रोण भरून आबांपुढं धरला.

“घ्या आबा. भिऊ नका, हे मी तळलेले न्हाईत.”

आबांनी द्रोण घेतला. बाकावर टेकले. एक भजं मोडलं, फुंकर घातली, तोंडात टाकलं. सावकाश चावलं.

“सोडा जास्त झालाय.”

“तो मीच टाकला,” करुणा म्हणाली.

आबांना हसू आलं. त्यांनी दुसरं उचललं.

“तू जळबाची नात ना? बुद्धविहाराच्या गल्लीतली?”

“व्हय.”

“कढई चुलीवर कुणी ठेवली?”

“मीच की. आरोही तर हात लावत न्हवती.”

आबांनी मान हलवली. द्रोण रिकामा केला. मग म्हणाले, “उद्या रविवार हाय. सकाळी आमच्या घरी ये. आमची कढई माळ्यावर हाय. आरोही काढून दील, तू चुलीवर ठेव.”

“अवो भाऊजी,” भागूबाईंनी घास गिळला, “त्याला सोयऱ्यातलं माणूस लागतंय.”

“सोयरे येऊन गेले. चहा पिऊन गेले,” आबा म्हणाले. “बाहेरचं माणूस लागतंय, मला तेवढंच ठावं हाय.”

भागूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. हेडसर भजी खाण्यात दंग होते.

करुणाचा चेहरा मात्र पडला होता. “पन आबा, माझे भजे कच्चे राहतात.”

“तळायचं आरोही बघंल. तू नुसती ठेव.”

करुणानं हातातले द्रोण आरोहीकडं दिले आणि दोन्ही हात ओढणीला खसाखसा पुसले, आत्ताच निघायचं असल्यासारखे.