उगवण

सकाळी साडेसहाला पंजाबराव सोयाबीनच्या बियाण्याची बॅग काढायला कोठीच्या खोलीत शिरले, तेव्हा त्यांचा मुलगा शिवम बनियन वर धरून पोटाला सुई टोचत होता.

शिवम दचकला नाही. चिमटीत धरलेली कातडी सोडून त्याने सुईला टोपण लावलं. "पेप्टाइड हाय, बाबा. नशापाणी नाई."

पंजाबराव पोत्यावर टेकले. शिवमने त्यांना समजावलं. पोटावरची चरबी जाते, पण अंगावरचं मांस झडत नाही, उलट भरतं. दिवाळीनंतर अमरावतीला शरीरसौष्ठव स्पर्धा होती. पहिल्या तिघांत आला तर तिथला जिमवाला त्याला कोच म्हणून ठेवणार होता. मोर्शीत राहून दुसरं काय करायचं, तेही बाबांनीच सांगावं.

पोरगा खोटं बोलत नव्हता. खांदे भरले होते, पोट आत गेलं होतं. पण बिनालेबलच्या पाकिटातली कपाशीची पऱ्हाटीही पहिल्या वर्षी अशीच जोमात आली होती. पंजाबरावांनी औषधाची छोटी बाटली उजेडात धरून इंग्रजी अक्षरं जुळवली. केवळ संशोधनासाठी, एवढंच. कंपनीचं नाव नाही. मोबाइलवर मागवलेलं, बिलही नव्हतं.

"याची उगवण कुठी पायली तू?"

पेरणीआधी ते मूठभर बी ओल्या तरटात गुंडाळून ठेवत. निम्मंही उगवलं नाही तर ते वावरात जात नसे.

"मीच पाहून राहिलो ना," शिवम हसला. "मीच तरट."

पंजाबराव हसले नाहीत. गेल्या वर्षी तरटात उगवलेलं बी वावरात उगवलं नव्हतं. दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून पेरल्यावरही रिकामी बॅग, तिचा टॅग आणि मूठभर बी ते भिंतीतल्या देवळीत जपून ठेवत. तक्रार करायची तर दाखवायला काहीतरी लागतं.

"संपली तरी बाटली फेकू नको," ते म्हणाले. "देवळीत ठेव. अन् थोडं राहू दे आतमंदी."

शिवम वैतागला. एकेक थेंब महागाचा होता. शिवाय माणसाच्या अंगाची तक्रार कोणत्या कृषी अधिकाऱ्याकडे करतात, असं त्याने विचारलं. तरट भिजवायला पंजाबराव अंगणात गेले.

सोयाबीन तरटात बरं उगवलं. पाऊस झाला, पेरणी आटोपली. रिकामी बॅग घेऊन पंजाबराव देवळीपाशी आले. शेजारच्या खोलीत शिवम आरशासमोर दंड फुगवून उभा होता. टेबलावर कुरिअरचं नवं खोकं फोडलेलं होतं.

देवळीत जुन्या टॅगांच्या बाजूला ती छोटी बाटली ठेवलेली होती. त्यांनी ती उचलून उजेडात हलवली. रबरी बूच घट्ट होतं. तळाशी औषध राखलेलं होतं.