शब्द ऐकू येईपर्यंत

“चाल गोड आहे, पण शब्द कळत नाहीत गं,” अण्णा लेकीला म्हणाले. गाणं त्यांनीच लिहिलेलं. शर्वरीने ते गाऊन घरच्या स्टुडिओत मिक्स केलं होतं. तिला तर शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. येणारच! सगळ्यांसारखी तिच्याही कानात चिप होती आणि ती प्रत्येक आवाज निवडून, साफ करून देई. अण्णांच्या कानाला चिप मानवली नव्हती.

शर्वरीने आपली चिप बंद करून घ्यायचं ठरवलं.

“ती पुन्हा चालू होणार नाही,” डॉक्टरांनी बजावलं.

“चालेल,” ती म्हणाली.

घरी येऊन तिने गाणं लावलं आणि ती हादरली. ढोलकीखाली तिचा आवाज पार गाडला गेला होता. मग ती रोज मिक्सिंगला बसू लागली. ढोलकी मागे सारली, बासरी हलकी केली, बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावरच्या गोंगाटाने डोकं ठणकायचं, तरी तिने हट्ट सोडला नाही.

अखेर तिने अण्णांना हेडफोन दिले. डोळे मिटून ऐकता ऐकता ते एकदम ताठ बसले.

“दुसऱ्या कडव्यात माझा शब्द बदललास तू! कुणाला विचारून?”

शर्वरीला हसू आणि रडू एकदमच आलं.