कवळी टोचते

“टोचतंय,” बाबा म्हणाले.

लिफ्ट मेकॅनिकची डुलकी मोडली. रात्रपाळी करून तो अंघोळीपुरता घरी थांबला होता आणि बाबांना घेऊन थेट दवाखान्यात आला होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. हा एक शब्द मात्र आता त्याला गाढ झोपेतही ऐकू आला असता.

उन्हाळ्यात बाबांचे उरलेसुरले दात काढले. काही किडलेले, काही हलणारे, सगळे नावापुरतेच. हिरड्या भरल्या, मापं घेतली, कवळी आली. मेकॅनिकला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण कसलं सुटतोय! कवळी टोचायला लागली. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी टाळूला. कामावर निघण्याआधी बाबांचं जेवण कुस्करून डब्यात ठेवायचं आणि दर बुधवारी झोप मोडून त्यांना स्कूटरवर मागे बसवून इथे आणायचं. राहिलेली झोप काढता काढता बुधवारी पाळीवर जायला हमखास उशीर व्हायचा. सुपरवायझर तर तोंडावर म्हणाला होता, “तुझ्या बापाचे दात आहेत की सरकारी पूल? कधी पुरेच होत नाहीत!”

त्याचंही काही चुकत नव्हतं. तक्रारी काय कमी होत्या? एका इमारतीत पाचव्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहायची. पाळी सुरू झाली की तिचा फोन ठरलेला, लिफ्ट खडखडते. लिफ्टला धाड भरलेली नसायची. पण तक्रार आली की जायचं, असा कंपनीचा नियम. मेकॅनिक झाकण उघडायचा, एखाद्या घट्ट स्क्रूवरून उगाच पाना फिरवायचा, “आता नाही खडखडणार आजी,” असं सांगून तिच्याकडचा चहा पिऊन निघायचा. मग इतरांना तिची नक्कल करून दाखवायचा. सगळे पोट धरून हसायचे.

बाबांची नक्कल करायचं त्राण मात्र त्याच्यात नव्हतं. पहाटे हा घरी येऊन आडवा व्हायचा तेव्हा बाबा उठलेले असायचे. बाबांच्या जेवणाची वेळ व्हायची तेव्हा हा स्कूटरला किक मारत असायचा. आज सकाळी तर त्याने तोडून टाकलं होतं, “बाबा, आजचं शेवटचं. माझ्याच्याने आता होत नाही.” बाबांनी केस विंचरले, धुतलेला सदरा घातला आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले.

कवळी कुठे दाबते ते बघायला डॉक्टरबाईंनी दातांमध्ये निळ्या कागदाची पट्टी धरली. “चावा काका. पुन्हा चावा. आता दातावर दात घासा.” मग कवळी काढून घेतली, बॅटरी लावून हिरड्या पाहिल्या, आणि मेकॅनिकला मान हलवून मागच्या खोलीत बोलावलं. तिथे कवळी घासायचं मशीन होतं.

“हिरडीवर लाल ठिपकासुद्धा नाही,” त्या दार लोटून म्हणाल्या. “कवळी छान बसली आहे. बसून बरेच दिवस झाले.”

त्यांनी चिमट्याने दाढांच्या फटीतून काहीतरी ओढून काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. शेंगदाण्याचं लालसर साल.

मेकॅनिकचं डोकंच फिरलं. म्हणजे तो मरमर मरून अन्न कुस्करत होता आणि मागे बाबा शेंगदाणे फोडत होते!

“मग तुम्ही दर वेळी घासत काय होतात?”

“काहीच नाही. मशीन सुरू करायचे, आवाज करायचे, तशीच परत द्यायचे. त्यांना बरं वाटायचं.”

“मला सांगायचं होतं ना, डॉक्टर!”

“आज सांगितलं. तुम्ही फार दमलेले दिसलात.” त्यांनी बटण दाबलं. मशीन किंचाळायला लागलं. कवळी त्यांच्या डाव्या हातात होती, मशीनपासून चांगली लांब.

बाबांना चार शब्द सुनावायचे म्हणून मेकॅनिक वळला. पण मशीनचा तो पोकळ आवाज कानात शिरला आणि त्याच्या डोळ्यांसमोर पाचव्या मजल्यावरच्या आजींचा ओटा आला. त्याने बेल वाजवायच्या आधीच तिथे दोन कप मांडून ठेवलेले असायचे. तो दाराला धरून नुसता उभा राहिला. स्वतःची शरम वाटली त्याला.

बाहेर बाबा खुर्चीत बसले होते. बोळकं मिटलेलं, गाल आत गेलेले, नजर दाराकडे. बाईंनी कवळी बसवली. “कसं वाटतंय काका?”

बाबांनी आधी मुलाकडे पाहिलं. त्याचे लाल डोळे, ओघळलेले खांदे, बटण तुटलेली बाही. बराच वेळ पाहिलं.

“नाही टोचत,” ते म्हणाले. “अगदी चपखल बसली. आता पुन्हा यायला नको.” आणि खुर्चीच्या दांड्याला धरून उठायला लागले.

मेकॅनिकला हवं होतं ते मिळालं होतं. बुधवार मोकळा. झोप पुरी. सुपरवायझरची कटकट बंद. त्याने पुढे होऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना हलकेच परत खुर्चीत बसवलं आणि ट्रेमधली निळी पट्टी उचलून डॉक्टरबाईंच्या हातात दिली.

“घाई नका करू बाबा,” तो म्हणाला. “नीट चावून बघा. मला वाटतं, पुढच्या बुधवारी टोचेल.”