मागचं पायदान

गुणवंताचा पहिलाच गोटा मोरेश्वरच्या कानाजवळून सूं करत गेला आणि मागच्या एकाच्या कपाळावर बसला.

"वाकाले शिकून राहिले का, भाऊजी?" जाम नदीच्या पलीकडून गुणवंता ओरडला. "कितीबी वाका! फटफटीवर त मीच बसन!"

सावरगावची माणसं हसली. पांढुर्ण्याचीही हसली, ते मोरेश्वरला जास्त झोंबलं.

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा बांधलेला. पांढुर्ण्याने तो तोडून आणायचा, सावरगावने आणू द्यायचा नाही. या काठावर जावई, त्या काठावर साळे. मोरेश्वरची बायको पंचफुला सावरगावची, गुणवंताची थोरली बहीण. अशा बाईने आजच्या दिवशी नवस बोलायचा तो कोणाच्या डोक्यासाठी? ती बिचारी सकाळपासून चंडीच्या देवळात बसून होती.

एक मात्र होतं. कोणाचा गोटा कोणाला लागला, हे कोणी विचारायचं नाही. गोटा जामचा, जखम चंडीची. उद्या दोन्ही काठ एका पंगतीला. पण हातात घ्यायचा तो नदीतला गोटाच. लोखंड घेतलं, तर त्याला दोन्ही गावांनी मिळून तुडवावं, असा जुना दंडक होता.

मोरेश्वर-गुणवंताचं बिनसलं ते त्या फटफटीवरून. मोठ्या लढाईत वापरून लष्कराने भंगारात काढलेलं ते धूड दोघांनी मिळून आणलं होतं. पावसाळाभर मोरेश्वरच्या दुकानात दोघे खपले. मडगार्ड उतरवले, हँडल खाली आणलं, नवी लांबट टाकी ठोकून बसवली. पुढच्या महिन्यात नागपूरला शर्यत होती. नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात जाणार, पांढुर्णा इकडेच राहणार. मग परराज्यातल्यांना कोण उभं करतं? जायचं ते याच वर्षी. चालवणार कोण, हे मात्र दोघांनी बोलायचं टाळलं होतं.

काल मोरेश्वर तोरणाखालचे बैल पाहून परत आला, तर गुणवंताने मागची सीट आणि मागे बसणाऱ्याची दोन्ही लोखंडी पायदानं करवतीने उडवलेली.

"शर्यतीले एकच सीट लागते," तो म्हणाला होता. "तुमी मिस्तरी, मी सवार."

 इंजिन मोरेश्वरने उघडलं होतं, त्यानेच बसवलं होतं. रोज झोपताना तो मनातल्या मनात त्या गाडीवर बसून सौंसरपर्यंत जाऊन येत असे. सकाळी दुकान झाडताना एक कापलेलं पायदान केरात सापडलं. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण त्याने ते खिशात टाकलं.

आता तो गुडघाभर पाण्यात होता. उजव्या खांद्यावर एक गोटा बसला होता आणि हात जड झाला होता. शेजारचा माणूस ओठ फाटून खाली बसला, त्याच्या अंगावरून दुसरे पुढे गेले. पलीकडून गुणवंता पळसाशी येऊन उभा राहिला होता. बुंध्याला पाठ टेकवून त्याने दोन्ही हात पुढे केले, फटफटीचं हँडल धरावं तसे, आणि कमरेत वाकून तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. दोन्ही काठ हसले.

मोरेश्वरच्या हातातले गोटे संपले होते. हात खिशात गेला. बोटांना कडा लागली, वजन लागलं. हे काय आहे ते हाताला पुरतं कळलं होतं, आणि मोरेश्वरने ते जाणूनच फेकलं.

गुणवंताचा आवाज मध्येच तुटला. तोंडावर हात दाबून तो पाण्यात बसला. बोटांमधून रक्त मनगटावर आलं आणि कोपरावरून गळायला लागलं. दुसरा हात मात्र पाण्यात काहीतरी चाचपत होता. सापडलं, तशी त्याने मूठ आवळली. ते मोरेश्वरने पाहिलं.

तो धावला. दोन्हीकडून गोटे येत होते, एक पाठीत बसला, एक मानेवर. त्याला ते हवेच होते. साळ्याला खांद्यावर टाकून त्याने या काठाला आणलं आणि देवळाच्या पायरीवर ठेवलं. पंचफुला किंचाळली. पदराने ती भावाचं तोंड पुसू लागली. डावा डोळा होता तिथे पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

देवळातले म्हातारे रामाजी वाकून म्हणाले, "केवढा गोटा होता रे, पोरा?"

 मोरेश्वरभोवती पन्नास माणसं होती, प्रत्येकाच्या हातात दगड.

"जामचाच होता," गुणवंता म्हणाला. मूठ तशीच मिटलेली. "देवीची भभूत आना, रामाजी."

रामाजी आत गेले. नदीकडे आरोळी उठली, तशी माणसंही पुन्हा तिकडे पळाली. पायरीवर तिघेच राहिले.

गुणवंताने मूठ मोरेश्वरच्या तळहातावर ठेवून उघडली. पायदानाची करवतीने कापलेली ताजी कड रक्तात चकाकत होती. पंचफुलाने लोखंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पदर धरलेला तिचा हात भावाच्या तोंडावर थांबला.

"हे परत जोडून घ्या, भाऊजी," गुणवंता म्हणाला. "आता मले मागंच बसा लागन."